विश्लेषण : पहिले कौटुंबिक कॅम्पिंग, तेही कमी खर्चात... पिशवीत काय भरावे, काय घरीच ठेवावे?

डिसेंबर उजाडला की भंडारदरा आणि पवनेच्या काठावरील तंबूंचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. घरातली मुले हट्ट धरतात, सुट्टी जुळते आणि मग ‘कॅम्पिंगसाठी लागणाऱ्या वस्तूं’ची यादी शोधली जाते. तंबू, स्लीपिंग बॅग, गादी, घडीच्या खुर्च्या, छोटा स्टोव्ह, कंदील... चौघांचा हिशेब मांडेपर्यंत आकडा इतका फुगतो की बेत पुढच्या वर्षावर ढकलला जातो. प्रत्यक्षात पहिल्या रात्रीसाठी लागणारे बहुतेक सामान घरातल्या माळ्यावरच असते. मात्र दोन-तीन गोष्टींत काटकसर जिवावर बेतू शकते आणि एक वस्तू तर घरातून नेलीच नाही तर बरे. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?

यादीच्या आधी ठिकाण का ठरवावे?

पिशवीत काय भरायचे हे ठिकाण आणि महिना ठरवतो. भंडारदऱ्याचेच उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेले हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि जवळच १,६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यात समुद्र दूर, आकाश निरभ्र आणि काठावर दव. त्यामुळे मुंबई-ठाण्यात रात्री पंखा लावून झोपणाऱ्या कुटुंबाला इथे पहाटे दहा अंशांच्या आसपासची थंडी भेटते. थंडीची लाट आली तर पारा आणखी खाली जातो.

दुसरी बाब अंधाराची. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. म्हणजे तेरा तास काळोख. शहरातल्या मुलांनी इतका सलग अंधार बहुधा पाहिलेलाच नसतो. थोडक्यात, हिवाळ्यातल्या पहिल्या कॅम्पिंगचे सामान दोन प्रश्नांची उत्तरे देणारे हवे : रात्री ऊब कशी राहील आणि अंधारात हालचाल कशी होईल. खुर्ची, झोपाळा, स्पीकर हे त्यानंतरचे.

जागा कोणाची, हेही आधी विचारावे. अभयारण्य किंवा राखीव वनात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही आणि आग पेटवणे हा गुन्हा ठरू शकतो. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील गडकिल्ले सूर्यास्तानंतर बंद असतात. मुले बरोबर असताना गावातल्या कुणाच्या शेतात, हाकेच्या अंतरावर घर आणि शौचालय असेल अशीच जागा निवडलेली बरी.

तंबू विकत घ्यावा की भाड्याने?

पहिल्या खेपेला भाड्याने. भंडारदरा आणि पवना या दोन्ही ठिकाणी स्थानिक लोक माणशी दराने तंबू, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता देतात. मुंबई, पुणे, नाशिकमध्ये ट्रेकिंगचे साहित्य अनामत रक्कम घेऊन भाड्याने देणारी दुकाने आहेत.

हिशेब सोपा आहे. समजा, चौघांचा तंबू ४ हजार रुपयांना पडतो आणि त्याचे भाडे रात्रीला ५०० रुपये आहे. म्हणजे आठ रात्री वापरला तरच खरेदी वसूल होते. वर्षातून एकदा जाणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी आठ वर्षे लागतील आणि तोवर तंबूचा लेप सुटलेला असेल. शिवाय पहिल्या रात्रीनंतर ‘पुन्हा जायचेच नाही’ असाही निकाल घरात लागू शकतो.

भाड्याचा तंबू घेताना मात्र तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. दाराची चेन पूर्ण, खालपर्यंत बंद होते का? तळाचे कापड फाटलेले नाही ना? हवेसाठी ठेवलेल्या जाळ्या शाबूत आहेत का? ‘चार माणसांचा तंबू’ याचा अर्थ चौघे खांद्याला खांदा लावून झोपतील एवढाच असतो, त्यात पिशव्यांची जागा धरलेली नसते. दोन मोठे आणि दोन लहान असतील तर तो पुरतो. तिघे-चौघे मोठे असतील तर पाच-सहा जणांचा मागावा.

थंडी वरून लागते की खालून?

इथेच पहिल्यांदा जाणारे चुकतात. सगळी पांघरुणे अंगावर घेतली जातात आणि पाठीखाली एक पातळ चादर राहते. शरीराच्या वजनाने खालचे कापड दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि गार जमीन अंगातली उष्णता खेचत राहते. फुगवायची साधी गादीही फारशी कामाची नाही. तिच्यातली हवा रात्रभर गार होत जाते आणि पाठ गारच राहते.

उपाय घरात आहे. सर्वांत खाली ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक, म्हणजे ओल वर येणार नाही. त्यावर पुठ्ठ्याची खोकी उलगडून अंथरावीत. पुठ्ठ्याच्या पन्हाळीदार थरात अडकलेली हवा थंडी अडवते. त्यावर प्लास्टिकची चटई किंवा व्यायामाची फोमची मॅट आणि मग गोधडी. आजीने शिवलेली गोधडी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे एकावर एक थर. थरांमध्ये हवा धरून ठेवण्याचे जे काम महागडी स्लीपिंग बॅग करते, तेच काम गोधडी करते. फरक वजनाचा आणि घडीच्या आकाराचा. पाठीवर ओझे घेऊन गड चढायचा नसेल तर तो फरक फारसा महत्त्वाचा नाही.

लक्षात ठेवण्याजोगा नियम असा : पाठीखाली दोन थर, अंगावर एक. अंगावर सोलापुरी चादर आणि तिच्यावर ब्लँकेट पुरते. लहान मुलांना मध्ये झोपवावे.

कपड्यांत झोपण्यासाठीचा एक जोड वेगळ्या पिशवीत, पूर्ण कोरडा ठेवावा आणि तो रात्रीच घालावा. दिवसभराच्या घामाने दमटलेला सुती कपडा रात्री गार पडतो. कानटोपी, लोकरी मोजे आणि स्वेटर प्रत्येकाचे हवेतच. जीन्स ओली झाली की वाळत नाही, ती टाळलेली बरी. झोपण्यापूर्वी रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवली तर अंथरूण तासाभरात ऊबदार होते.

मग शेगडी नेली तर काय बिघडले?

संपूर्ण यादीतला हा सर्वांत गंभीर मुद्दा. थंडी वाढली की ‘शेकोटीतले चार निखारे शेगडीत घालून तंबूत ठेवू’ असे कुणीतरी सुचवते. हे कधीही करू नये.

कोळसा बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास सुरू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे जाग्या माणसाला जाणवतात. झोपलेल्या माणसाला मात्र जागच येत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक वाटतात. पण धूर थांबल्यावरही, राख धरलेल्या निखाऱ्यांतूनसुद्धा हा वायू निघत राहतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळहून गेलेल्या आठ पर्यटकांचा एका रिसॉर्टच्या खोलीत मृत्यू झाला. त्यात चार मुले होती. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद करून खोलीत गॅसचा हीटर लावला होता. ती पक्की खोली होती. तंबूत तर हवा त्याहून कमी असते.

त्यामुळे शेगडी, गॅसचा हीटर, पेटता स्टोव्ह, मेणबत्ती, डासांची कॉइल यांपैकी काहीही तंबूच्या आत नको. ‘दार थोडे उघडे ठेवू’ हा उपाय नव्हे. तंबूचे कापड सहज पेट घेते, ही दुसरी भीती. शेकोटी असलीच तर ती जागामालकाने ठरवून दिलेल्या ठिकाणी, तंबूंपासून दूर आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करून. झोपण्यापूर्वी ती पाण्याने पूर्ण विझवावी. काहीही पेटवले नसले तरी तंबूच्या जाळ्या उघड्याच ठेवाव्यात. चौघांच्या श्वासाची वाफ आत साचली तर पहाटे छतावरून थेंब पडतात आणि पांघरूण ओले होते.

अंधारासाठी किती दिवे लागतात?

मोबाइलचा टॉर्च हा दिवा धरू नये. त्याच मोबाइलवर गरज पडल्यास मदतीचा फोन करायचा असतो. डोंगरभागात नेटवर्क शोधताना बॅटरी लवकर उतरते. म्हणून रात्री एक फोन विमान मोडवर आणि पॉवर बँक पूर्ण भरलेली ठेवावी. रस्त्याचा नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावा.

चौघांत किमान दोन स्वतंत्र टॉर्च हव्यात. त्यातली एक डोक्याला बांधायची असेल तर उत्तम, कारण मुलाचा हात धरून शौचालयाकडे जाताना दोन्ही हात मोकळे राहतात. तंबूत लटकवायला चार्जिंगचा छोटा दिवा पुरतो. एक टॉर्च कायम दाराच्या उजव्या कोपऱ्यात, असे ठरवून ठेवले की मध्यरात्री शोधाशोध होत नाही. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी अडकवावी. चुकले की जागेवर थांबायचे आणि तीनदा वाजवायची, एवढेच शिकवावे. खर्च काही रुपयांचा, उपयोग मोठा.

स्वयंपाक करावा की डबा न्यावा?

पहिल्या मुक्कामाला संध्याकाळी पोहोचून, तंबू उभारून, अंधारात चौघांचा स्वयंपाक करणे हा हौसेपेक्षा शिक्षेचा प्रकार ठरतो. स्टोव्ह, गॅस, भांडी, घासणी, मसाल्याचे डबे या सगळ्याचे ओझे आणि खर्च वाचवायचा असेल तर पहिले जेवण घरूनच न्यावे. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, गूळ. प्रवासात टिकणाऱ्या पदार्थांची आपल्याकडे वाण नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या घरी सांगून ठेवलेली पिठले-भाकरी स्वस्तही पडते आणि गावातल्या माणसाच्या हाती चार पैसे जातात.

ताट-वाट्या घरातल्या स्टीलच्याच. थर्माकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी बरोबर ठेवावी आणि ती भरून परत आणावी.

पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर धरावे, म्हणजे चौघांना एका दिवसाला बारा लिटर. धरणाचे पाणी स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नये. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळलेले पाणी पिण्यास योग्य होते. अन्न तंबूत ठेवू नये. त्याच्या वासाने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

औषधांच्या डब्यात काय हवे?

रोजची औषधे, तापाची गोळी आणि मुलांचे सिरप, जंतुनाशक, कापूस, पट्ट्या, रुंद क्रेप बँडेज, उलटी-जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे आणि डास पळवणारे मलम. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते, पेल्याभर पाण्यात नव्हे. कुणाला दमा असेल तर पंप उशाशी, पिशवीच्या तळाशी नको.

साप आणि विंचू यांची भीती अनाठायी नाही, पण बहुतेक काळजी सामान आवरण्यातच आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. म्हणूनच तंबूची चेन पूर्ण लावणे ही सर्वांत स्वस्त सुरक्षा. बूट आत घ्यावेत, सकाळी झटकून घालावेत, रात्री अनवाणी फिरू नये.

दंश झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला भाग हलवू न देता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. सापाच्या विषावरचे औषध सरकारी रुग्णालयांत मिळते. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना अधिक घातक असतो. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी ठरते, हे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. पण ते डॉक्टरांनी द्यायचे औषध आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य मदतीसाठी ११२ हे क्रमांक पाठ हवेत. सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि रात्री गाडी कोणाकडे मिळेल, हे जागामालकाला दिवसाउजेडीच विचारून कागदावर लिहून ठेवावे.

घरी काय ठेवावे?

पोहण्याचे कपडे आणि हवेची ट्यूब. धरणाचा काठ उथळ दिसतो, पण तळ एकदम खोल होत जातो, गाळात पाय रुततात आणि थंड पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचाही दम लवकर लागतो. दर मोसमात अशा जलाशयांवर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. पोहण्याचे कपडे नेलेच नाहीत तर ‘फक्त पाच मिनिटे’ हा हट्ट काठावरच थांबतो. नौकाविहार करायचा असेल तर मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळते का ते पाहावे. नसेल तर बेत रद्द.

मोठा स्पीकरही घरीच राहू द्यावा. शेजारच्या तंबूतले आणि गावातले लोकही रात्री झोपतात. काचेच्या बाटल्या आणि दागिने नकोत. मद्याची बाटली तर मुले बरोबर असलेल्या आणि पाण्याच्या काठावरील मुक्कामात नकोच.

एसटी-रेल्वेने जाणाऱ्यांचे काय?

गाडी नसली तरी ही सहल होते. मुंबईकरांना कसाऱ्यापर्यंत लोकलने किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वेने, तिथून घोटीमार्गे भंडारदऱ्याच्या शेंडी गावापर्यंत जाता येते. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. आई, आजी आणि दोन मुले असतील तर प्रवासखर्च चांगलाच कमी होतो.

मात्र गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल बरोबर नेता येत नाही. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणे हा कलम १६४ नुसार गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घरूनच डबा नेण्याचे हे आणखी एक कारण.

सामान माणसाप्रमाणे नव्हे, वेळेप्रमाणे भरावे. एक पिशवी प्रवासातली : पाणी, खाऊ, औषधे. एक पोहोचताच लागणारी : ताडपत्री, टॉर्च, डबा. एक रात्रीची : कोरडे कपडे, टोप्या, मोजे. अंथरुणाचे गाठोडे वेगळे, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. मुलांनी आपली छोटी पिशवी स्वतः भरावी आणि स्वतः उचलावी.

हातात थोडेच पैसे असतील तर आधी कशावर खर्चावेत?

समजा, तंबूचे भाडे आणि प्रवास वगळून वस्तूंसाठी दोन हजार रुपयेच आहेत. तर क्रम असा ठेवता येईल : आधी औषधांचा डबा पूर्ण करावा, मग दोन चांगल्या टॉर्च, मग फोमच्या मॅट आणि शिट्ट्या. पैसे उरले तर डास पळवणारे मलम आणि जास्तीचे मोजे. संपले तर तिथेच थांबावे. गोधड्या, चादरी, ताट-वाट्या, दोरी, पुठ्ठे, ताडपत्री या वस्तू घरातून किंवा शेजाऱ्यांकडून मिळतात. खुर्च्या, सजावटीच्या माळा, कॅम्पिंगची खास भांडी पहिल्या खेपेला लागत नाहीत.

आणि निघण्यापूर्वीच्या शनिवारी एक रात्र रंगीत तालमीसाठी द्यावी. हेच अंथरूण गच्चीवर किंवा हॉलच्या फरशीवर पसरावे, दिवे घालवावेत आणि सगळ्यांनी तिथेच झोपावे. कोणाची पाठ गार पडली, कोणती टॉर्च लागलीच नाही, धाकट्याला रात्री कितीदा उठावे लागले, हे सारे सकाळी समजते. चुकलेली वस्तू घेऊन यायला तेव्हा दुकान कोपऱ्यावर असते. धरणाच्या काठावर रात्री दोन वाजता ते नसते.